देव सांभाळ

चंपाषष्ठीच्या दुपारी भरिताचा पहिला घास मी तोंडात घातला आणि शमिका म्हणाली, “आजोबा, तुम्ही चौऱ्याऐंशी साली सिंधी कॉलनीत राहायचात ते घर, खाली किशनचंदांचं किराण्याचं दुकान आणि वर दोन खोल्या, तेच ना?” मी मान हलवली. “मग कमाल आहे. काल साकेत नगरला एका आजींचं रेकॉर्डिंग केलं. त्यांचा भाऊपण त्या रात्री तिथेच होता. सेम घर, वरच्या खोल्या. विलास सरवटे. मतलब तुम्ही दोघं सोबत असणार ना? तुमच्या गोष्टीत तर ते कुठे येतच नाहीत.” घास तोंडात फिरत राहिला. वांगं चुलीवर भाजल्यासारखं खमंग झालं होतं, चार महिन्यांनी पानात आलं होतं, आणि मला त्याची काही म्हणजे काही चव लागेना. माझी बायको सिंधू रोडगा वाढायला वाकली होती. ती तशीच सरळ झाली, “कांदा राहिला,” म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. कांदा पानात होता.

शमिका माझी नात. आमचा सत्यजित पुण्यात नोकरीला चिकटला, आणि त्याची मुलगी मात्र इमारती बांधायचं शिकायला इथल्या कॉलेजात आली, आमच्यापाशी नेहरू नगरात राहिली. मी तिकडून इकडे आलो, पोरगा इकडून तिकडे गेला, नात पुन्हा इकडे. तिला कॉलेजानं काम दिलं आहे. बाहेरून येऊन या शहरात राहिलेली पाच माणसं गाठायची, समोर फोन ठेवून त्यांना बोलतं करायचं आणि तीन डिसेंबरला त्याचं प्रदर्शन मांडायचं. पहिला मान माझा. मी तासभर बोललो. ती मधे मधे डोळे पुसत होती आणि मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं. आता बाहेरून आलेली माणसं शोधायला भोपाळात कष्ट ते काय? पठाण घोड्यावरून आले, फाळणीनंतर सिंधी आले, छप्पन साली राजधानी झाली तेव्हा नागपुराहून फायली आल्या आणि फायलींच्या मागे कारकून आले, मोठा कारखाना उभा राहिला तेव्हा मल्याळी आले, बंगाली आले. तलावसुद्धा कुणा राजानं बांध घालून आणून ठेवलेला. तरी इथे प्रत्येकाचा हिशेब एकच, माझ्याआधी आला तो घरचा आणि माझ्यामागून आला तो उपरा. स्टेशनांची नावं बदलली, गावांची बदलली, म्हातारी माणसं जुनीच नावं घेत राहिली आणि रिक्षावाल्यांशी भांडत राहिली. मी त्यातलाच एक.

पण कोण इथला आणि कोण नाही हे ठरवायची या शहराची स्वतःची एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही. चहाच्या टपरीवर, दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत दोन म्हातारे भेटले की एक दुसऱ्याला विचारतो, “उस रात आप कहाँ थे?” कुठली रात्र, हे सांगावं लागत नाही. जो कीटकनाशकांच्या कारखान्यातून सुटलेल्या विषारी वाऱ्यात सापडला, जो पळाला, जो खोकला, तो इथला. त्याची जात, भाषा, गाव मग कुणी काढत नाही. मी त्या प्रश्नाला तीस वर्षं एकच उत्तर देत आलो आहे. जाग आली ती खोकल्यानं, कुणी मिरच्या जाळतंय असं वाटलं. धोतर भिजवून तोंडाला बांधलं. देव्हाऱ्यातले देव पिशवीत घातले आणि जिना उतरलो. हमीदिया रोडवर माणसांचा लोंढा होता. रॉयल मार्केटपाशी एक गाय आडवी पडलेली, तिच्याशेजारी तिचं वासरू उभं. कमला पार्कच्या उतारावर मी बसलो तो उठेना, तेव्हा बुरख्यातल्या एका बाईनं तिच्या लेकराच्या बाटलीतलं पाणी मला पाजलं. दोन घोट. तिचा चेहरा मी पाहिला नाही. इथे मी थांबतो. कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवतो. सिंधू तोवर आत गेलेली असते. दूध बघायला, डाळ बघायला, दार लावायला. तीस वर्षांत तिनं ही गोष्ट एकदाही शेवटपर्यंत ऐकली नाही, आणि एकदाही मला खोटं पाडलं नाही.

कारण त्या रात्री ती माझ्या शेजारी होती. आम्ही दोघं आणि चार वर्षांचा सत्यजित सासवडजवळच्या आमच्या गावी, माझ्या आईनं घातलेल्या गोधड्यांवर गाढ झोपलो होतो. हवा इतकी स्वच्छ होती की दूरच्या देवळातली घंटा ऐकू यायची.

खोटं बोलायलाही मुहूर्त लागतो. माझा मुहूर्त चौऱ्याण्णव सालचा, इथल्याच नेहरू नगरातल्या मैदानावरचा. गणपतीचा मांडव कुठे घालायचा यावरून वाद चालला होता. कॉलनीतल्या बैठकीत एक निवृत्त गृहस्थ, बोलायला गोड आणि आतून कडू, हसत हसत मला म्हणाले, “जगताप साहब, आप लोगों का क्या है, आज यहाँ हैं, कल पूना चले जाएँगे। मैदान तो हमारे बच्चों का है।” माझ्या कानशिलाला आग लागली. मला भोपाळात वीस वर्षं होत आली होती, टेलिफोन खात्यात मी या शहराचे खांब मोजले होते, गल्ल्या पायांखाली घातल्या होत्या. आणि तरी तो म्हणत होता ते खरंच होतं. आम्ही जायचेच होतो. दर वर्षी चंपाषष्ठीला कुळधर्माला गावी पळायचं, मुलाशी शुद्ध मराठी बोलायचं, भांडी घ्यायची ती तिकडून, कपाटातल्या एका खणात परतीचं सामान. माझ्या तोंडून निघून गेलं, “उस रात मैं यहीं था, साहब। सिंधी कॉलनी में।” ते गृहस्थ उठले आणि त्यांनी मला मिठी मारली. मांडव मैदानात पडला. घरी येऊन मी सिंधूला हसत सांगायला गेलो, तर ती पोळ्या लाटत होती, तिनं लाटणं ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. “ती विलासभावजींची रात्र आहे,” ती म्हणाली. एवढंच. पुढे मी एक काळजी घेतली. ती गोष्ट मी हिंदीतच सांगितली. मराठी माणसांत, मंडळाच्या कार्यक्रमात, हळदीकुंकवाच्या बायकांदेखत कधीच नाही. तिथे सरवट्यांना ओळखणारं कुणीतरी निघालं असतं. मराठीत मी ती पहिल्यांदा सांगितली ती गेल्या महिन्यात, शमिकाच्या फोनपुढे.

विलास माझ्याच खात्यात होता. मूळचा उज्जैनचा, इथे आई सुशीलाबाई आणि धाकटी बहीण रजनी यांच्याबरोबर भाड्यानं राहायचा, आणि कुठे? इथेच, नेहरू नगरात, तलावाच्या या अंगाला. तेव्हा इकडे निम्मी माळरानंच होती. आम्ही सिंधी कॉलनीत, स्टेशनाजवळ. चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात कुळधर्माला निघताना प्रश्न नेहमीचाच होता, देवांचं काय? घर बंद करून गेलं तरी चालतं, देव पारोसे ठेवून जाता येत नाही. खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा आणि एक बोटभर बाळकृष्ण, तीन देव. त्यांना रोज आंघोळ, गंध, फूल आणि दुधाची वाटी. आईनं लग्नात दिले तेव्हा बजावलं होतं, एक दिवस चुकायचं नाही. शेजारी सिंधी, मद्रासी. भली माणसं, पण त्यांना आमच्या देवांचं काय सांगणार? मी विलासला म्हटलं, “आठ दिवस आमच्याकडे झोपायला ये. सकाळी देव धू आणि तसाच ऑफिसला जा. रविवारी सकाळी आम्ही हजर.” तो म्हणाला, “तुमचे देव मला ओळखतात का पण?” आणि हसत किल्ली घेऊन गेला. षष्ठी झाली, भरीत-रोडगा झाला, तळी भरली. शनिवारी झेलम एक्स्प्रेस गाठायची तर थोरल्या भावानं शेतात हुरडा काढला. ज्वारी नुकती दुधात होती. “दोन-तीन दिवसांनी काय बिघडतंय?” सगळे म्हणाले. मलाही तेच हवं होतं. सासवडला जाऊन मी विलासला तार केली, नागरी लिपीतली, शब्द मोजून. “बुधवार को पहुँचेंगे। देव सँभालना।” मग शेतात बसून गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला हुरडा खाल्ला, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. इतका गोड हुरडा मी जन्मात खाल्ला नाही, आणि नंतर कधी तोंडातही घातला नाही.

गाड्या रखडल्या, बुधवारऐवजी गुरुवारी पोचलो तेव्हा विलास हमीदिया रोडच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात जमिनीवर होता. डोळ्यांवर ओल्या पट्ट्या, उशाला कापडी पिशवी. माझा आवाज ऐकून त्यानं पिशवी चाचपली आणि पुढे केली. आत तीन देव. तारेचं तो काही बोलला नाही, तेव्हाही नाही आणि पुढची सात वर्षंही नाही. मीही विचारलं नाही. आता वाटतं, माझं सगळं आयुष्य त्या न विचारण्यावर उभं होतं. कदाचित तार पोचलीच नसेल. शनिवारची तार, खात्याची गर्दी, पत्ता चुकला असेल. कदाचित तो आपणहूनच राहिला असेल, रविवारी आम्ही आलो नाही म्हणून. मग त्यात माझा काय दोष? या कदाचितवर मी रात्री झोपलो आहे, इथे घर बांधलं आहे. तो गेला एक्याण्णवच्या मार्चात, फुप्फुसं कागदासारखी झालेली. मायलेकी साकेत नगरला राहायला गेल्या आणि त्या गेल्यावरच मी नेहरू नगरात प्लॉट घेतला. लोक विचारत, इकडे का? मी म्हणायचो, हवा चांगली आहे. हवा खरंच चांगली आहे. वारा त्या रात्री इकडे आलाच नव्हता.

आणि त्यानं सांगितलं ते एकदाच. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, त्याची आई आणि रजनी बाहेर गेल्या असताना. मी खाटेच्या कडेला, सिंधू डबा उघडून त्याला मऊ भात भरवत होती. तो थांबत थांबत, खोकत, भिंतीकडे बघून बोलला. “घरी सांगू नका,” म्हणाला, “त्या दोघींची झोप जाईल.” त्यातलं एक वाक्य मी माझ्या गोष्टीत कधी घेतलं नाही. बाकी सगळं घेतलं, धोतर, जिना, गाय, वासरू. तीस वर्षं सांगता सांगता ते इतकं माझं झालं की सांगताना मला खरोखरच खोकला येऊ लागला. आधी रंगासाठी खोकायचो. मग तो आपोआप यायला लागला. डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे. त्या दुपारी भरिताचं पान तसंच ठेवून उठलो आणि जो खोकला सुरू झाला तो संध्याकाळपर्यंत थांबेना. शमिका पाणी घेऊन धावली. “आजोबा, एवढा स्ट्रेस नका घेऊ. मी त्या आजींना संडेला बोलावलंय इथे. दोघांना एकत्र बसवू. इट विल बी ब्यूटिफुल.”

चार दिवस होते मध्ये. मी भित्रा माणूस आहे हे मला त्या चार दिवसांत नीट कळलं. पहिल्या दिवशी वाटलं, गावी निघून जावं. बॅग काढली आणि देव्हाऱ्याकडे नजर गेली. चौऱ्याऐंशीनंतर आम्ही कुळधर्माला एकदाही गेलो नव्हतो; आई वारली तेव्हा सिंधू मागे राहिली, भाऊ वारला तेव्हाही. देव कुणाच्या हाती द्यायचे नाहीत असं तिनं ठरवलं होतं, आणि मला कारण विचारायचा धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी मतदारयादीचं काम करणारी बाई फॉर्म घेऊन आली. दोन हजार तीनच्या यादीत तुमचं नाव कुठे होतं ते शोधून भरा म्हणाली. बिचारी उन्हातून दारोदार फिरत होती, पाणी प्यायली. आणि मी मात्र तो कागद उलटसुलट करून पुन्हा पुन्हा वाचत होतो, उगाच, कारण त्यात माझं नाव सरळ होतं. पण कागदाला सगळं ठाऊक असतं असं मला त्या क्षणी वाटलं. कुठल्या तारखेला तू कुठे होतास, सांग. शेजारच्या नव्या बिऱ्हाडातला तरुण गेटवरून म्हणाला, “अंकल, आपको क्या टेंशन, आप तो पुराने भोपाली हो।” मी हसलो. मला तो चिडवतोय असं वाटलं. दुपारभर मी त्याच्या त्या वाक्यात काटा शोधत बसलो.

शुक्रवारी सिंधी कॉलनीत गेलो. का गेलो माहीत नाही. चोर जातो तसा गेलो. किशनचंदांच्या घराच्या जागी चार मजले उभे आहेत, खाली मोबाइलचं दुकान, वर स्पर्धापरीक्षांचे वर्ग, बिहार-बुंदेलखंडातली पोरं जिन्यावर बसून चणे खात होती. एकाला विचारलं, इथे किशनचंद म्हणून होते. “पता नहीं अंकल, हम तो बाहर के हैं।” मला एकदम हायसं वाटलं. कुणी उरलं नाही. घर नाही, जिना नाही. या जानेवारीत तर त्या कारखान्यातला उरलेला विषारी कचरासुद्धा कंटेनरांत भरून, पोलिसांच्या गाड्या मागेपुढे लावून शहराबाहेर नेला होता. मग मी एकटाच का जपून ठेवू? आणि त्याच क्षणी, ओट्यापाशी उभा असताना, माझ्या लक्षात आलं की जिना डावीकडे होता की उजवीकडे हे मला आठवत नाही. मी तिथे आठ वर्षं राहिलो होतो. गोष्टीतला जिना मला पायरीन् पायरी दिसत होता, लोकांच्या चपला, लोळलेला एक तांब्या. पण तो विलासचा जिना होता. माझा स्वतःचा मला दिसेना. ते घर आता माझ्यात सुद्धा नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी सिंधू देव्हाऱ्यापुढे वाती वळत होती. मी जवळ जाऊन बसलो. “उद्या काय सांगू?” मी विचारलं. एवढ्या वर्षांत मी तिला याबद्दल काही विचारलं ते पहिल्यांदाच. ती वाती मोजून डबीत ठेवत राहिली. म्हणाली, “मला काय विचारता? मी खोटं बोलले असते तर सल्ला दिला असता.” मला राग आला. म्हटलं, तू गप्प बसलीस ते काय होतं मग? तिनं डबीचं झाकण लावलं. “ते मलाही रोज वाटतं,” म्हणाली.

रविवारी अकरा वाजता रजनी आली. एकटीच, रिक्षानं. मी तिला तीसेक वर्षांत पाहिलं नव्हतं, म्हणजे दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा रस्ता बदलला होता. सत्तरीची, शाळेतून निवृत्त झालेली, पांढरे केस घट्ट बांधलेली. नाक विलासचं. सिंधूनं तिचे हात धरले. मग ती बसली आणि म्हणाली, “घर छान बांधून घेतलं तुम्ही. आम्ही राहायचो ती गल्ली इथून दुसरी.” शमिकानं स्टुलावर उपडी वाटी ठेवून तिच्यावर फोन टेकवला. लाल ठिपका लागला. तिचा चेहरा उजळून गेला होता. पोरीला वाटत होतं तिनं दोन तुटलेली टोकं जोडली. ती सगळ्यांना विचारते तेच तिनं मला विचारलं, “तर आजोबा, उस रात आप कहाँ थे?” मला खोकला आला. मी थांबलो तशी सिंधू उठली. “चहा बघते,” म्हणाली आणि दारापर्यंत गेली. तिथे ती थांबली, माझ्याकडे पाठ करून. ती वाट बघतेय हे मला दिसलं. आत जायचं की नाही हे मी बोलेन त्यावर ठरणार होतं. रजनी माझ्याकडे बघतच नव्हती, तिची नजर देव्हाऱ्यावर होती.

“त्या रात्री मी माझ्या गावी होतो,” मी म्हणालो. “इथे विलास होता. मी त्याला आमचे देव सांभाळायला ठेवलं होतं.”

“आजोबा, ये क्या बोल रहे हो आप?” शमिका म्हणाली. तिचा हात फोनकडे गेला आणि तसाच राहिला. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर थांबलो असतो. हुरडा सांगितला, तार सांगितली. मग ते वाक्य सांगितलं, जे मी गोष्टीतून काढून टाकलं होतं. “देव घेऊन तो निघाला असं मी सांगत आलो. तसं नव्हतं. तो आधी नुसताच पळाला. रॉयल मार्केटपर्यंत पोचला होता, वाचला होता. मग त्याला आठवलं की आमचे देव राहिले. तो परत फिरला. सगळी माणसं इकडे येत होती आणि तो उलटा, त्या वाऱ्यात. देव पिशवीत घातले आणि दुसऱ्यांदा निघाला.” बोलून झाल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. फक्त लाज वाटली, साधी, शाळेतल्या पोरासारखी.

“परत फिरला?” रजनी म्हणाली. मग तिनं पदराची किनार बोटाला गुंडाळली आणि सोडली. “हे मला माहीत नव्हतं. बाकी माहीत होतं.” तिनं पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी घातलेला कागद. घड्यांवर फाटलेला, शाई उडालेली, पण माझे शब्द जागच्या जागी होते. “त्याचा शर्ट धुवायला घेतला तेव्हा खिशात सापडून गेला. आईला दाखवला. आई म्हणाली, तो स्वतः येऊन सांगेल, आपण विचारायचं नाही. ती वाट बघून बघून गेली. मग मी बघत राहिले.” माझा शेवटचा कदाचित तिच्या मांडीवर पडला होता. तार पोचली होती.

“मी भांडायला नाही आले,” रजनी म्हणाली. “या पोरीनं तुमची टेप ऐकवली मला, ती तुमची नाही, त्याची गोष्ट आहे हे तिला कुठे माहीत होतं. मी ऐकून घेतली पूर्ण. त्यानं आम्हाला एक अक्षर नाही सांगितलं कधी. त्यात एक बाई आहे, पाणी पाजणारी. मला एवढंच विचारायचं आहे. ती खरी आहे का?”

मी तोंड उघडलं. ती बाई मला दिसत होती. काळा बुरखा, लेकराची बाटली, बाटलीचं निळं बूच. गाय विलासची होती, वासरू विलासचं होतं. बाई? निळं बूच मी घातलं होतं, ते मला ठाऊक होतं, कॉलनीतल्या कुणाच्या तरी नातवाची बाटली पाहून. पण बाई? मी शहाऐंशीच्या त्या दुपारी परत गेलो, खाट, भिंत, मऊ भात. विलासचे ओठ हलत होते आणि आवाज माझा येत होता. मी त्याच्या गोष्टीत इतके वेळा गेलो-आलो होतो की त्याच्या पावलांचे ठसे उरले नव्हते. “मला सांगता येत नाही,” मी म्हणालो. “मला खरंच आठवत नाही, रजनीताई.” आणि मी रडलो. रजनीचा हात त्या तारेवर पालथा पडला, जणू कागद उडून जाईल. एवढंच मागायला ती चाळीस वर्षांनी या दारात आली होती, आणि तेही मी खर्चून बसलो होतो.

“दिलं होतं,” दारातून सिंधू म्हणाली. ती वळून उभी होती. “मी होते ना तिथे, भात भरवत होते त्यांना. ते म्हणाले, एका बाईनं पाणी दिलं. दोन घोट. फार गार होतं म्हणाले.” रजनीनं डोळे मिटले. तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरताना मी पाहिलं. “गार होतं,” ती पुटपुटली, मग मान हलवली, पुन्हा हलवली. शमिका माझ्याकडे नाही, आजीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कृतज्ञता होती. तेवढं तरी खरं निघालं असं तिला वाटलं असणार. मीही सिंधूकडे बघितलं. या घरात आयुष्यभर खोटं न बोललेलं एकच माणूस होतं. माझी नजर तिच्या नजरेला भिडली.

“साखर राहिली,” सिंधू म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

चहा अजून ठेवलाच नव्हता. रजनीनं तार घडी करून पिशवीत घातली. शमिकाच्या फोनवरचा लाल ठिपका तसाच होता. आतून भांड्याचा, नळाचा कसलाच आवाज येत नव्हता, आणि उठून आत जायचं मला धाडस होईना.